नकार तोंडी घेऊ नका

दरवर्षी निकाल लागले, प्रवेश सुरू झाले की माझ्या दारात एखादा तरी बाप उभा असतो. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत मुलीची मार्कशीट, रेशनकार्ड आणि आधारच्या झेरॉक्स. मोहल्ल्यात उर्दू-मराठी शिकवणारा माणूस आपोआप सगळ्यांचा अर्ज लिहिणारा होतो. तसा मीही झालो आहे.

काही वर्षांपूर्वी वेल्डिंगचे काम करणारा असाच एक बाप आला. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळाला होता, दोन लाखांचे शैक्षणिक कर्ज हवे होते.

"सर, बँकवाले ना बोले."

"का?"

"बोले, तुमारा एरिया हमारे में नै आता. और घर का कागज बी नै."

घराचा कागज कुठून असणार? आमच्या भागातली निम्मी घरे शंभर रुपयांच्या बाँडवर घेतलेली. मी विचारले, अर्ज दिला होता का? नाही, अर्ज घेतलाच नव्हता. मी उसासा टाकला आणि म्हणालो, "जाने दो, अल्लाह मालिक है." त्याने महिन्याला शेकडा पाचने सावकाराकडून पैसे उचलले. पहिल्या वर्षाची फी भरली गेली, दुसऱ्या वर्षाची नाही. मुलगी घरी बसली.

नंतर मला कळले ते असे. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचे नसते. आणि घर बँकेच्या सेवाक्षेत्रात नाही, या कारणाने शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नये, हे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बँकांना कळवले आहे. म्हणजे साहेबांनी सांगितलेली दोन्ही कारणे नियमात बसणारी नव्हती. साहेबांचा दोष आहेच. पण बीएड झालेल्या, चार लोक ज्याच्याकडे सल्ल्याला येतात अशा माझाही आहे. अल्लाहचे नाव घेऊन मी माझे अज्ञान झाकले.

आपल्याकडे नकाराचे दोनच अर्थ लावले जातात. एक, "मुसलमान आहोत म्हणून." दुसरा, "नशिबात नव्हते." दोन्हींची सोय अशी की पुढे काही करावे लागत नाही.

पहिला अर्थ निराधार आहे असे मी म्हणत नाही. काही बँकांनी मुस्लीमबहुल वस्त्यांना कर्जासाठी 'नकारात्मक क्षेत्र' ठरवल्याचे सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातच नोंदवले आहे. पण तुमच्या बाबतीत तेच झाले, हे सिद्ध कशाने करणार? चहाच्या टपरीवरच्या रागाने? राग म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा कागदावर असतो, आणि तो कागद मागायला आपण जातच नाही.

कर्ज मिळणे हा कुणाचाच हक्क नाही. ते का मिळाले नाही हे कळणे मात्र हक्क आहे. रिझर्व्ह बँकेच्या संहितेप्रमाणे बँकेने अर्जाची पोच द्यायची असते आणि नाकारल्यास मुख्य कारण लेखी कळवायचे असते. २००३ साली हा नियम दोन लाखांपर्यंतच्या छोट्या कर्जांसाठी आला. २००७ पासून तो सर्व कर्जांना लागू आहे. म्हणून खिडकीवरच्या "नाही होणार"वर परत फिरू नका. अर्ज द्या, पोच घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा. लेखी कारण येत नसेल तर बँकेकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे एक रुपयाही लागत नाही. लोकपाल तुम्हाला कर्ज मिळवून देणार नाही, तो निर्णय बँकेचाच असतो. पण अर्ज न घेणे, कारण न देणे यांचा जाब विचारता येतो.

आणि कारण आपल्याच घरातले निघाले तर तेही ऐकायची तयारी ठेवा. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला गॅरेजसाठी कर्ज नाकारले. सगळा मोहल्ला म्हणाला, "देखा, नाम देखके काटा." आम्ही लेखी कारण मागितले. निघाले काय, तर चुलत भावासाठी स्वतःच्या नावावर हप्त्याने घेतलेला मोबाइल, आणि त्याचे थकलेले शेवटचे दोन हप्ते. ते भरले, ना-हरकत पत्र घेतले, सिबिलची नोंद सुधारून घेतली. हा अहवाल चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा फुकट मिळतो. नोंद चुकीची असेल तर तक्रारीनंतर तीस दिवसांत निकाल लागायला हवा. आणि एका ठिकाणी नकार आला म्हणून त्याच आठवड्यात चार ठिकाणी अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक चौकशी त्या अहवालात उमटते.

काही जण म्हणतील, "सर, व्याजाचे कर्ज मुळात हरामच, नाही मिळाले ते बरे झाले." जो खरोखर व्याजापासून लांब राहतो त्याला माझा सलाम. पण बँकेच्या व्याजावर तासभर बयान करणाऱ्यांनी शेकडा पाचच्या सावकारावरही पाच मिनिटे बोलावे. महिन्याला पाच म्हणजे वर्षाला साठ. तो सावकार कधी कधी पहिल्या सफमध्येच उभा असतो. ज्यांना व्याज नको त्यांनी बैतुलमाल उभा करून त्या वेल्डरच्या मुलीला कर्ज-ए-हसना द्यावे. तेही द्यायचे नाही आणि बँकेतही जाऊ द्यायचे नाही, तर तिच्या शिक्षणाचा हिशेब कोण देणार?

कुरआनातली सर्वांत मोठी आयत कोणती, हे मदरशातले पोरही सांगते. सूरह बकराची २८२ वी. तिचा विषय काय? नमाज नाही, रोजा नाही. उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, लिहिणाऱ्याने इन्साफाने लिहावे, साक्षीदार ठेवा, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नका. ज्यांच्या किताबात व्यवहार कागदावर आणण्याची एवढी ताकीद आहे, ती आपली माणसे आयुष्याचे निर्णय खिडकीवरच्या तोंडी शब्दावर सोडून घरी परततात.

मशिदीच्या कमिट्यांना माझी एक मागणी आहे. जुम्याच्या नमाजनंतर एक टेबल, दोन खुर्च्या आणि अर्ज लिहू शकणारी दोन शिकलेली पोरे बसवा. जलशाच्या मंडपाच्या एका दिवसाच्या भाड्यात हे वर्षभर चालेल.

त्या मुलीचे लग्न झाले. परवा तिचा बाप रस्त्यात भेटला. सावकाराचे अजून फिटलेले नाही. त्याने मला सलाम केला, कुठलीही तक्रार न करता. तो सलाम मला जड गेला. आता त्याची धाकटी बारावीला आहे. या वेळी अर्ज मी लिहिणार, आणि बँकेत सोबतही जाणार. पोच घेतल्याशिवाय आम्ही दोघे तिथून उठणार नाही.