लोण्यावरचा आळ



मोटारीच्या वायरचे आवरण उंदराने कुरतडले की काय होते, ते तुम्हांला सांगायला नको. आपल्या मज्जातंतूंवरही असेच आवरण असते, आणि ते बहुतांशी चरबीचे असते. कुंपणानेच शेत खावे तशी शरीराची रोगप्रतिकारशक्ती कधीकधी या आवरणावरच उलटते. या रोगाला मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणतात. एका डोळ्याने अंधुक दिसणे, हातपाय बधिर होणे, चालताना तोल जाणे ही त्याची लक्षणे. बहुधा तो वीस ते चाळीस या वयात सुरू होतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो. एकाचा दुसऱ्याला लागत नाही.

या रोगाचा आळ लोण्यावर आला तो नॉर्वेच्या खेड्यांतून. डॉ. रॉय स्वँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथली पाहणी १९५२ साली प्रसिद्ध केली. आतल्या भागातल्या, दूधदुभते असलेल्या शेतकरी कुटुंबांत रोग अधिक आणि किनाऱ्यावरच्या मासेमारांत कमी, असे त्यांना आढळले. पुढे त्यांनी १४४ रोग्यांना लोणी, मांस यांतली चरबी अगदी कमी खायला सांगून ३४ वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. ज्यांनी पथ्य नीट पाळले त्यांची प्रकृती बरीच टिकली, असे त्यांनी १९९० साली लिहिले.

मग घरातले तूप बंद करावे काय? जरा थांबा. नवे खत पारखताना आपण शेजारी एक पट्टा बिनखताचा ठेवतो. स्वँक यांच्या प्रयोगात असा पट्टाच नव्हता. पथ्य सोडले म्हणून प्रकृती खालावली, की खालावली म्हणून पथ्य सुटले, हे ओळखावे कसे? शिवाय माशांतून ड जीवनसत्त्व मिळते, आणि त्याच्या कमतरतेचाही या रोगाशी संबंध दिसतो. २०२२ साली अमेरिकेतल्या सैनिकांच्या मोठ्या पाहणीत तर एपस्टाइन-बार नावाच्या विषाणूची लागण झाल्यावर धोका सुमारे ३२ पट वाढलेला आढळला. तेव्हा एकट्या लोण्याला दोषी धरता येत नाही.

तूप आणि वनस्पती बेताने खावे, हृदयाला ते हिताचेच. विडी-सिगारेट मात्र सोडाच. धूम्रपानाने हा रोग बळावतो.

आणखी एक ध्यानात ठेवा. हा रोग पुष्कळदा आपोआप ओसरतो आणि काही महिन्यांनी पुन्हा उलटतो. सुनेची नजर दोन-तीन आठवड्यांत सुधारली की त्या वेळी चालू असलेल्या पथ्याला किंवा अंगाऱ्याला श्रेय मिळते आणि दवाखाना राहून जातो. तसे करू नका. लक्षणे गेली तरी मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवा. रोगाचे झटके कमी करणारी औषधे आज आहेत, ती वेळेवर सुरू व्हायला हवीत. पथ्य औषधाच्या जोडीला असावे, औषधाच्या जागी नव्हे.