पहिला कॅमेरा सेकंडहँडच बरा!

गणपती, नवरात्र, दिवाळी असा सीझन जवळ आला की कॉलेजच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास पडतो. ‘डीएसएलआर घ्यायचाय, कुठला घेऊ?’ मग सल्ल्यांचा पाऊस सुरू. एक म्हणतो कॅनन, दुसरा म्हणतो निकॉन, तिसरा म्हणतो आता डीएसएलआर कोण घेतं, मिररलेस बघ. कुणीतरी पन्नास-साठ हजारांच्या सेटची ऑफर टाकतं, खाली ‘नो कॉस्ट ईएमआय’ असं ठळक अक्षरांत. विचारणारा बिचारा शेवटी बजेटच्या बाहेरचंच काहीतरी मनात पक्कं करतो आणि घरी विषय कसा काढायचा याची तयारी करू लागतो.

या सल्ल्यांमध्ये माझाही एक. छंद म्हणून फोटोग्राफी करायची असेल, तर पहिला डीएसएलआर नवा घेऊ नका. जुनी बॉडी घ्या आणि वाचलेल्या पैशांतून एक चांगली लेन्स घ्या. आणि हे मी फक्त पैसे वाचावेत म्हणून सांगत नाहीये.

आधी कॅमेऱ्याचंच बघू. डीएसएलआर म्हणजे डिजिटल सिंगल लेन्स रिफ्लेक्स. लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या आरशावर आपटून वर व्ह्यूफाइंडरमध्ये जातो, म्हणून लेन्सला जे दिसतं तेच आपल्याला दिसतं. बटण दाबलं की आरसा वर उचलला जातो, शटर उघडतं आणि प्रकाश सेन्सरवर पडतो. तो ‘खटॅक’ आवाज आरशाचा आणि शटरचा. व्ह्यूफाइंडरला वीज लागत नसल्यानं बॅटरीही दणकून चालते. निकॉनच्या डी ३५०० ची बॅटरी एका चार्जमध्ये १५५० फोटो काढते, असं कंपनीच सांगते. दोन दिवसांच्या ट्रेकला चार्जर घरी ठेवून निघा, काही बिघडत नाही.

आता गंमत बघा. निकॉनचा डी ३२०० हा एंट्री लेव्हल कॅमेरा २०१२ मध्ये आला, २४ मेगापिक्सेलचा. त्याच मालिकेतला डी ३५०० आला २०१८ मध्ये. तोही २४ मेगापिक्सेलचाच! मधल्या सहा वर्षांत कमी उजेडातला रिझल्ट थोडा सुधारला, बॉडी हलकी झाली, फोनला फोटो पाठवायला ब्लूटूथ आलं. पण फोटो काढायची मूळ ताकद फार बदलली नाही. आणि ए फोर आकाराची उत्तम प्रिंट काढायला लागतात किती मेगापिक्सेल? जेमतेम नऊ. आपले निम्मे फोटो तर फोनच्या स्क्रीनवरच बघितले जाणार. मग बॉडीवर ‘लेटेस्ट’ लिहिलेलं असण्यासाठी जास्तीचे वीस-पंचवीस हजार का मोजायचे?

फरक पडतो तो लेन्सनं. नव्या कॅमेऱ्यासोबत जी १८-५५ ची किट लेन्स मिळते, ती वाईट नसते. दिवसा, उघड्यावर ती मस्त काम करते. पण आपल्याला फोटो काढायचे असतात कुठे? संध्याकाळी मंडपात, कॉलेजच्या फेस्टमध्ये, मित्राच्या एकांकिकेला. ‘पुरुषोत्तम करंडक’साठी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात बसलाय असं समजा. स्टेजवर एकच पिवळा स्पॉट, फ्लॅश मारायचा प्रश्नच नाही आणि नट काही पुतळ्यासारखा उभा राहत नाही. किट लेन्स पूर्ण झूम केली की तिचं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाश आत घेणारं भोक, एफ ५.६ वर येतं. एफ १.८ ची प्राइम लेन्स त्याच्या साधारण साडेनऊ पट प्रकाश आत घेते. म्हणजे किट लेन्सला जिथे १/२० सेकंद शटर उघडं ठेवावं लागेल, तिथे प्राइमचं काम १/२०० मध्ये होतं. १/२० ला नटाचा हात पुसट होतो, १/२०० ला बोटं मोजता येतात. हा फरक कुठल्याही नव्या बॉडीनं एवढ्या पैशांत मिळत नाही.

म्हणून ५० एमएम एफ १.८ ही लेन्स इतकी लाडकी आहे. ‘निफ्टी फिफ्टी’ म्हणतात तिला. कॅनन आणि निकॉन दोघांच्याही यादीतली ही स्वस्त लेन्सपैकी एक. फक्त एक लक्षात घ्या. एंट्री लेव्हल डीएसएलआरचा सेन्सर छोटा असतो, त्यामुळे ५० ची लेन्स कॅननवर ८० सारखी आणि निकॉनवर ७५ सारखी वागते. पोर्ट्रेट आणि स्टेजसाठी झकास, पण होस्टेलच्या खोलीत अख्खा ग्रुप बसवायचा तर पाठ भिंतीला टेकेल. निकॉनवाल्यांसाठी ३५ एमएम एफ १.८ चा डीएक्स पर्याय जास्त सोयीचा. आणि निकॉनवाल्यांनो, डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉडीत फोकसची मोटर नसते. जुनी ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्तात मिळते म्हणून उचलाल, तर फोकस हातानं करत बसाल. लेन्सवर ‘एएफ-एस’ लिहिलंय ना, तेवढं बघा.

एकाच लेन्सनं भागतं का? होमाई व्यारावाला यांचं काम बघा. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकल्या, साडी नेसून, जड कॅमेरे सांभाळत दिल्लीत नेहरूंपासून माउंटबॅटनपर्यंत सगळ्यांचे फोटो काढले. त्यांच्या आवडत्या कॅमेऱ्यांपैकी एक होता रोलिफ्लेक्स. त्याची लेन्स बदलता येत नाही आणि झूमही नाही. जवळचा फोटो हवा तर जवळ जायचं. एका रोलमध्ये फोटो बारा, म्हणून बघायचं जास्त आणि क्लिक करायचं कमी. आपल्याला हजारो फोटोंचं कार्ड मिळालंय, पण बघण्याची ती सवय कार्डासोबत येत नाही. ती एकच लेन्स महिनाभर वापरून लागते.

आता मूळ मुद्दा. पैशांचा, आणि पैशांमागून येणाऱ्या दडपणाचा.

समजा ५५ हजारांचा सेट बारा हप्त्यांत घेतला. महिन्याला साडेचार हजारांच्या वर. ‘नो कॉस्ट’ म्हटलं तरी प्रोसेसिंग फी आणि व्याजावरचा जीएसटी बहुतेक वेळा आपल्याच खिशातून जातो. आणि आपला खिसा म्हणजे कुणाचा? क्रेडिट कार्ड बाबांचं. मग तिसऱ्या महिन्यात जेवताना विषय निघतो. ‘एवढा कॅमेरा घेतलास, त्याचं पुढे काय?’ यात घरच्यांचं काहीच चुकत नाही. एवढी रक्कम टाकली की कुणीही विचारणारच. मग आपणही स्वतःला पटवायला लागतो की ही ‘इन्व्हेस्टमेंट’ आहे. वसूल करायची म्हणून ओळखीतल्या साखरपुड्याची ऑर्डर घेतो, मग बारशाची, मग प्री-वेडिंगची.

माझ्या वर्गातल्या एका मित्राचं असंच झालं. त्याला काढायचे होते पक्षी. हप्ते सुरू झाल्यापासून त्याचे रविवार हॉलमध्ये जाऊ लागले. ‘नवरदेवाकडचे सगळे एकदा स्टेजवर या’ म्हणत सहा-सहा तास उभं राहायचं, रात्री जागून अल्बमचे फोटो निवडायचे. हप्ते फिटले. पण आता कॅमेरा हातात घ्यावासा वाटत नाही, असं तो म्हणतो. लग्नाची फोटोग्राफी हे कष्टाचं आणि कौशल्याचं काम आहे, ज्यांना ते करायचंय त्यांनी जरूर करावं. पण ते एक प्रोफेशन आहे. त्याला तर छंद हवा होता.

आपल्या वयात प्रत्येक गोष्टीकडून कमाईची अपेक्षा असते. गाणं येतं तर चॅनल काढ, केक येतो तर ऑर्डरी घे, फोटो काढतोस तर पेज सुरू कर. काहीच कमावून न देणारी एखादी गोष्ट आपल्यापाशी असावी, हे सांगायलाही संकोच वाटतो. स्वस्तातला जुना कॅमेरा इथे कामाला येतो. स्वतःच्या इंटर्नशिपच्या स्टायपेंडमधून, शिकवण्या घेऊन किंवा दिवाळीच्या पैशांतून तो घेता येतो. त्याचा हिशेब कुणी मागत नाही. रविवारी पहाटे उठून फक्त धुकं बघून, एकही फोटो न काढता घरी आलात तरी काही बुडत नाही. एंट्री लेव्हल बॉडी पाणी झेलायला बनवलेल्या नसतात हे खरंच. पण पंधरा-अठरा हजारांचा जुना कॅमेरा तुम्ही रेनकोटच्या आत धरून का होईना, पावसात बाहेर काढाल. साठ हजारांचा कपाटात राहील.

यावर पहिला आक्षेप येतो, ‘फसवणूक झाली तर?’ रास्त आहे. म्हणून जुना कॅमेरा घेताना एवढं बघाच.

शटर काउंट विचारा. म्हणजे आजवर किती वेळा क्लिक झालंय ते. निकॉनच्या या वर्गातल्या बॉडीचं शटर एक लाख क्लिकसाठी तपासलेलं असतं. वीस-तीस हजारांवरचा कॅमेरा तरुण समजा. निकॉनच्या फोटो फाइलमध्येच हा आकडा लपलेला असतो, कॅननच्या बऱ्याच बॉडींसाठी वेगळं सॉफ्टवेअर लागतं.

लेन्समधून फोनचा टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. मुंबई-कोकणच्या दमट हवेत हा रोग फार. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी नको. आणि तुमची स्वतःची लेन्स पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. स्वयंपाकघरातला डबा चालतो.

लेन्सची टोपी लावून एक फोटो काढा. काळ्या स्क्रीनवर रंगीत ठिपके दिसले तर सेन्सरचे पिक्सेल बिघडलेत. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, धुळीचे डाग कळतील. धूळ साफ होते, ओरखडा जात नाही.

मूळ बिल मागा आणि त्यावरचा सीरियल नंबर बॉडीवरच्या नंबरशी जुळवा. बिल नसेल तर चोरीचा माल गळ्यात पडू शकतो. ऑनलाइन सापडला तरी अ‍ॅडव्हान्स पाठवू नका, समोरासमोर भेटा, गर्दीच्या ठिकाणी, सोबत कुणालातरी घेऊन. मुंबईत असाल तर फोर्टमधल्या बोरा बाजारात एक चक्कर टाका. कॅमेऱ्यांची दुकानं शेजारी शेजारी आहेत. घ्यायचं नसलं तरी चार बॉडी हातात धरून बघता येतात, भाव कळतो.

कंपनी कुठली? तुमच्या ग्रुपमध्ये ज्या कंपनीचे कॅमेरे जास्त असतील, ती. कॅननची लेन्स निकॉनला बसत नाही. मित्राकडे टेलिफोटो असेल आणि कॅमेरा त्याच कंपनीचा असेल, तर एका वडापावात ती शनिवार-रविवार मागून आणता येते. कुठल्याही फोरमवरच्या वादापेक्षा हा निकष भरवशाचा.

दुसरा आक्षेप, ‘डीएसएलआर आता संपला ना?’ कंपन्यांच्या दृष्टीनं जवळपास हो. कॅनन आणि निकॉन यांनी २०२० नंतर नवा डीएसएलआर आणलेला नाही, सगळा जोर मिररलेसवर आहे. पण विद्यार्थ्यांसाठी ही चांगलीच बातमी आहे. मोठे लोक मिररलेसकडे चाललेत, म्हणून त्यांचे चांगले ठेवलेले डीएसएलआर बाजारात येतायत. उद्या तुम्हीही मिररलेस घेतलात, तरी आजच्या बहुतेक लेन्स त्याच कंपनीच्या मिररलेसवर अ‍ॅडॉप्टर लावून चालतात. फक्त एक प्रामाणिक सूचना. तुम्हाला मुख्यतः रील्स आणि व्हिडिओ करायचे असतील, तर यातलं काहीच घेऊ नका. फोन आणि एक बरा माइक पुरे.

आणि ‘वर्षभरात कंटाळा आला तर?’ येऊ दे की. सगळ्यांना शेवटपर्यंत फोटोग्राफी आवडलीच पाहिजे असं थोडंच आहे? जुना कॅमेरा घेतानाच त्याची बरीचशी किंमत उतरलेली असते. वर्षभर वापरून विकलात तर थोडेसेच पैसे जातील. नव्या सेटचा खोका उघडला, की त्याच दिवशी तो सेकंडहँड होतो.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर तो मेसेज टाकण्याआधी मॉडेलची नावं बाजूला ठेवा आणि एका कागदावर लिहा, मला पुढचे सहा महिने कशाचे फोटो काढायचेत. आजीचे? लोकलमधल्या माणसांचे? किल्ल्यांचे? नाटकाचे? त्यावरून लेन्स ठरेल. लेन्सवरून कंपनी ठरेल. मग उरलेल्या पैशांत जी जुनी बॉडी बसेल ती घ्या आणि घरी कुणाला हप्त्याचं काही सांगावं लागणार नाही, याचा आनंद घेत बाहेर पडा.