आयटीआयच्या पुढची वाट



दहावीचा निकाल लागला की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. एका दोस्तानं लिहिलंय, ‘ताई, मला ५४ टक्के मिळाले. इंजिनिअर व्हायचं होतं. बाबा म्हणतात, आयटीआयला जा. म्हणजे आता सगळं संपलंच ना?’

अरे, संपलं कसं? चल, आधी हिशेब मांडू या.

फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे आयटीआयचे अभ्यासक्रम दोन वर्षांचे. ते पास झालास की पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मागता येतो. तिथली राहिली २ वर्षं. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या पदवीलाही थेट दुसरं वर्ष. तिथली ३. एकूण झाली ७. अकरावी-बारावी करून जाणाऱ्याला ६ लागतात. फरक अवघ्या एका वर्षाचा! शिवाय प्रत्येक टप्प्यावर हातात प्रमाणपत्र. घरी अडचण आलीच, तर तिथे थांबून कमावताही येतं.

मात्र एक लक्षात ठेव. थेट प्रवेशाच्या जागा मोजक्याच, आणि त्या गुणांवर मिळतात. डिप्लोमाचं गणितही सोपं नसतं. तेव्हा आयटीआयला गेलास तरी गणित आणि इंग्रजीची पुस्तकं माळ्यावर टाकू नकोस.

आता पैशांचं. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीचे अर्ज ‘महाडीबीटी’ या सरकारी पोर्टलवर भरायचे असतात. त्यासाठी लागणारे उत्पन्नाचे, जातीचे, रहिवासाचे दाखले आत्ताच काढायला घे. ऐन वेळी धावपळ होते. आयटीआयनंतर कारखान्यात अप्रेंटिस म्हणून लागलास, तर काम शिकता शिकता दरमहा विद्यावेतन मिळतं. १९६१च्या कायद्यानेच ती सोय करून ठेवली आहे.

आणि मुलींनो, हे तुमच्यासाठीही बरं का! आयटीआय म्हटलं की घरचे शिवणकाम सुचवतात. आवड असेल तर जरूर करा. पण वेल्डर, इलेक्ट्रिशियनची दारंही तुम्हाला उघडी आहेत. मुलींच्या स्वतंत्र आयटीआयसुद्धा आहेत.

तर दोस्ता, या आठवड्यात बाबांना घेऊन जवळच्या आयटीआयमध्ये जा. वर्कशॉप बघ. तिथल्या सरांना विचार, इथून किती मुलं डिप्लोमाला गेली? अप्रेंटिसशिप कुठे मिळते? होस्टेल आहे का? उत्तरं वहीत लिही आणि मग ठरव.

काय ठरलं ते कळव हं. वाट बघते.

— तुमची ताई