आचरेकर सरांचे नाणे आणि आपला हिशेब

रमाकांत आचरेकर सरांचे नाव निघाले की दोन गोष्टी हटकून सांगितल्या जातात. एक स्टंपवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याची, दुसरी सचिनला बसलेल्या थपडेची. दोन्ही खऱ्या, खुद्द सचिननेच सांगितलेल्या. पण त्या सांगून झाल्या की आपण मोकळे! माझा आक्षेप आहे तो या मोकळे होण्याला.

सर स्वतः खेळाडू होते. प्रथम श्रेणीचा सामना मात्र त्यांच्या वाट्याला एकच आला, स्टेट बँकेकडून, १९६३-६४ च्या मोसमात. त्याचे रडगाणे न गाता त्यांनी उभी हयात शिवाजी पार्कच्या मातीत मुले घडवण्यात घातली. पंडित, आमरे, कांबळी, आगरकर ही नावे सर्वांना ठाऊक आहेत. १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, २०१० मध्ये पद्मश्री.

आता त्या नाण्याकडे वळू. जो सचिनला बाद करील त्याला नाणे. कोणीच करू शकले नाही तर ते सचिनचे. अशी तेरा नाणी त्याने जपून ठेवली आहेत. छान! पण मला सांगा, त्याला गोलंदाजी कोण करत होते? दमलेल्या पायांनी चेंडूमागे कोण धावत होते? तीही सरांचीच मुले होती ना? त्यांतली बहुतेक पुढे नोकरीधंद्याला लागली असतील. त्यांची नावे कुठल्याच लेखात येत नाहीत. पहिल्या नंबरावरून शिक्षकाची किंमत करायची ही आपली जुनी खोड. क्लासवाले चौकात गुणवंतांचे फोटो लावतात, त्यातलाच हा प्रकार. चाळीस वर्गांना शिकवलेला कोणताही मास्तर तुम्हांला सांगेल, की शिकवणे हे उरलेल्या एकोणसाठ मुलांसाठीही असते.

१९८८ मध्ये शारदाश्रमच्या सचिन-कांबळी जोडीने ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. कांबळी ३४९ वर होता. आणखी एक धाव घेऊ द्या, अशी त्याची विनवणी सरांनी मानली नाही आणि डाव घोषित करायला लावला, असे सांगतात. ३५० चा आकडा एका मुलाचा, सामना मात्र अकरा जणांचा. थपडेपेक्षा ही गोष्ट पालकांनी पाठ करावी! थपडेची गोष्ट ऐकून कोणी मुलांवर हात उगारायला शिकत असेल, तर त्याला सर मुळीच कळले नाहीत.

सर नेटमधल्या सरावापेक्षा सामने खेळवण्यावर भर देत. सुट्टीच्या साठ दिवसांत पंचावन्न सराव-सामने खेळल्याचे सचिनने लिहिले आहे. त्यासाठी काय लागते? मैदान लागते आणि वेळ देणारा माणूस लागतो. आपल्याकडे या दोहोंचाच दुष्काळ. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात शाळेला क्रीडांगण हवे असे स्पष्ट म्हटले आहे. प्रत्यक्षात किती शाळांची मुले सिमेंटच्या चौकोनात कवायत करतात ते जाऊन पाहा. परीक्षा जवळ आली की पहिला बळी खेळाच्या तासाचा. मी ज्या शाळेत होतो तिथे तो तास दरवर्षी गणिताला दिला जाई. विरोध करणारे आम्ही दोघे-तिघे, आणि पालक मात्र खूश!

२ जानेवारी २०१९ रोजी सर गेले. अंत्यसंस्कार शासकीय इतमामात झाले नाहीत म्हणून ओरड झाली, सरकारने संवादाच्या अभावाकडे बोट दाखवले. पुढे डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर त्यांचे स्मारक झाले. चांगलेच झाले. पण स्मारकाला हार घालून घरी येणारा बाप मुलाचा खेळ बंद करून त्याला तिसऱ्या क्लासला धाडत असेल, तर त्या हाराला काय अर्थ?

तेव्हा सरांची आठवण खरोखर ठेवायची असेल तर आपल्या मुलांच्या शाळेत जा आणि वेळापत्रक मागा. खेळाचा तास कुठे आहे, तो घेतो कोण, मैदान कुठे आहे, हे तीन प्रश्न मुख्याध्यापकांना विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठू नका.