कोंडीतला अर्धा तास

टॉमटॉम या नेव्हिगेशन कंपनीच्या २०२४ च्या वाहतूक निर्देशांकात संथ वाहतुकीसाठी पुण्याचा जगात चौथा क्रमांक लागला. दहा किलोमीटरला सरासरी ३३ मिनिटे २२ सेकंद, म्हणजे ताशी जेमतेम अठरा किलोमीटर. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्याने हा वेग पायडल मारूनही गाठला असता!

कोंडीत मन शांत ठेवा, श्वासाकडे लक्ष द्या, असा सल्ला हल्ली फुकट मिळतो. मुंबईच्या लोकलमधली भजनी मंडळे टाळांच्या तालावर रोजचा प्रवास गोड करतात, हे खरेच. पण त्यांचे दोन्ही हात टाळांसाठी मोकळे असतात. हिंजवडीहून मोटारसायकलवर परतणाऱ्याचा एक हात क्लचवर, दुसरा ब्रेकवर आणि डोळे खड्ड्यावर. त्याने समाधान शोधायचे कुठे? त्याचे सुख साधे आहे: पोर जागे असताना घरी पोहोचावे, जेवणानंतर दहा मिनिटे कट्ट्यावर टेकावे. ते वेळेवर येणाऱ्या पीएमपी बसने मिळेल, सलग पदपथाने मिळेल. मेट्रो २०२२ पासून धावते आहे, पण स्थानक ते घर हा शेवटचा किलोमीटर अनेकांसाठी रिक्षावाल्याच्या मर्जीवर आहे. पुढच्या उड्डाणपुलाचा नारळ फोडण्याआधी कारभाऱ्यांनी तेवढे अंतर एकदा पायी चालून पाहावे, तेही संध्याकाळी सातला.