गोळी तीच, वेळ नवी

घाटकोपरच्या आमच्या खालाजान गेल्या रमजानात थायरॉइडची गोळी सहरीच्या चहासोबत घेत होत्या. थकवा वाढला, तेव्हा कुणालाही न विचारता त्यांनी एकाच्या दोन केल्या. ईदच्या दिवशी छाती धडधडत होती, शीरखुर्म्याची वाटी हातात थरथरत होती. डॉक्टरांनी जुनाच डोस पुन्हा सुरू केला. डोस बरोबर होता, वेळ चुकली होती.

चहा, दूध, लोह आणि कॅल्शियम ही गोळी अंगी लागू देत नाहीत. ती सहरीच्या अर्धा ते एक तास आधी नुसत्या पाण्यासोबत घ्यावी, किंवा शेवटच्या खाण्यानंतर 3 तासांनी, झोपताना. लोह-कॅल्शियमच्या गोळ्यांत 4 तासांचं अंतर ठेवावं.

हे औषध शरीरात निम्मं व्हायलाच सुमारे 7 दिवस लागतात. म्हणून डोस बदलला की टीएसएच 6 ते 8 आठवड्यांनी तपासतात. दोन दिवसांच्या थकव्यावरून डोस ठरत नाही. गरोदर बहिणींना मात्र बहुधा डोस वाढवावा लागतो, त्यांनी लगेच डॉक्टरांना भेटावं.

बहिणींनो, शाबानमध्येच डॉक्टरांना वेळ विचारून घ्या. आजाऱ्याला दीनने सवलत दिली आहे. मनाने डोस बदलण्याची मुभा कुणीच दिलेली नाही.