औषधाआधी व्यायाम लिहावा

‘धात्वग्नी म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया’ असे समीकरण हल्ली आपल्या परिसंवादांतून सर्रास मांडले जाते. त्यापाठोपाठ ‘पेशींची ऊर्जा वाढविणारे’ कल्पही बाजारात येतात. साम्य उद्बोधक आहे. परंतु साम्य म्हणजे सिद्धता नव्हे.

पेशीतील तंतुकणिका, म्हणजेच मायटोकॉन्ड्रिया, शून्यातून निर्माण होत नाहीत. असलेल्याच वाढतात व विभागतात. त्यांच्या स्वतःच्या डीएनएमध्ये अवघी ३७ जनुके आहेत; बहुतेक प्रथिनांचा आराखडा पेशीकेंद्रातून येतो. स्नायू श्रम करू लागला, त्यातील ऊर्जा खर्ची पडू लागली, की पेशीकेंद्राला संदेश मिळतो व ही निर्मिती वेग घेते. अमेरिकेतील जॉन हॉलोझी यांनी १९६७ साली दाखविले, की नियमित धावविलेल्या उंदरांच्या स्नायूंतील तंतुकणिकांची ज्वलनक्षमता सुमारे दुप्पट होते. श्रम थांबले, की हा लाभही ओसरतो.

आपल्याकडे हा विषय अधिक गंभीर आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळील सहा गावांतील नवजात बालकांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. इंग्लंडमधील बालकांचे सरासरी वजन ३.५ किलो, तर आपल्या बालकांचे २.७ किलो; तरीही वजनाच्या मानाने मेद अधिक व स्नायू कमी. रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच वापरतो. मुळात स्नायू तोकडे आणि त्यात बैठे जीवन, मग प्रमेह दूर कसा राहणार? परतूरच्या मोंढ्यात दिवसभर आडतीवर बसणारा व्यापारी आणि दुचाकीवरूनच शेत पाहून येणारा बागायतदार, दोघांनाही हे लागू आहे.

वाग्भटाचार्यांनी दिनचर्येत व्यायामाला स्थान देऊन लाघव, कर्मसामर्थ्य, अग्निदीप्ती व मेदक्षय ही त्याची फळे सांगितली. बल व ऋतू पाहून मात्रेचे बंधनही घातले. म्हणून केसपेपरवर औषधाच्या आधी ‘चालणे’ लिहावे; वेळ, कालावधी व वेग यांसह. हृद्रोगी आणि इन्सुलिन घेणारे यांची आधी नीट तपासणी करावी.

औषधविक्रेत्या बंधूंना विनंती एवढीच, की मानवी चाचण्यांचा आधार नसता ‘मायटोकॉन्ड्रिया वाढविते’ असे सांगून कोणताही कल्प विकू नये. मधुमेह बरा करण्याच्या जाहिरातींना तर १९५४ च्या कायद्यानेच मनाई आहे. आपल्या शास्त्राची प्रतिष्ठा उसन्या शब्दांनी नव्हे, रुग्णाला आलेल्या गुणाने वाढते.